पान उलटण्याआधी

तिचं खरं नाव धंद्यातल्या कुणालाच चटकन आठवत नसे. चित्रकथांच्या जगात सगळे तिला कात्री म्हणत, कारण पात्रांच्या तोंडाशी काढलेल्या फुग्यांत लेखकांनी कोंबलेले शब्द ती बिनदिक्कत छाटून टाकायची. "हा माणूस कड्यावरून पडतोय ना? मग पडता पडता एवढं भाषण ठोकायला त्याला दम कुठून मिळतो?" असं ती विचारी. लेखक चडफडत, पण पुस्तक कुठं अडलं की पहिला फोन हिलाच येई. कुठल्याच प्रकाशनात तिची स्वतःची खुर्ची नव्हती. जिथं काम असेल तिथं जायचं, पाहुण्यांच्या खुर्चीत बसायचं, काम उरकलं की पर्स उचलायची. तिला ते झकास जमत होतं.

या खेपेचं पुस्तक मात्र वेगळं होतं. आजवर दुसऱ्यांच्या गोष्टींना ठिगळं लावली, ही पहिली गोष्ट तिची स्वतःची. बंद पडलेल्या खाणीत एका मुलीचा भाऊ हरवतो. सगळे त्याला मेला म्हणून सोडून देतात. बोगद्याच्या टोकाला भिंतीपलीकडून ठकठक ऐकू येते आणि गाव म्हणतं, भूत आहे. मुलगी कुदळ उचलते, भिंत फोडते. इथं उजवं पान संपतं. वाचणारा जीव मुठीत धरून पान उलटतो, तर डाव्या हाताला पानभर भाऊ. हडकलेला, काळाठिक्कर, पण जिवंत. त्या चेहऱ्यासाठी चित्रकाराने जिवाचं रान केलं होतं आणि कात्रीने त्या पानावर एकही शब्द ठेवला नव्हता. अख्खं पुस्तक त्या एका उलटलेल्या पानावर उभं होतं.

छपाईला जाण्याआधी प्रत्येक पुस्तकाची पानं घरी छापायची, दुमडून टाचायची आणि ती डमी सासूबाईंच्या हातात द्यायची, ही कात्रीची जुनी रीत. संगणकाच्या पडद्यावर पुस्तक कळत नाही, असं तिचं ठाम मत होतं. सासूबाई वाचायला बसल्या की ही समोर भाजी निवडायच्या मिषाने बसे आणि भाजी सोडून त्यांचे डोळे बघत राही.

त्या दुपारी सासूबाई रंगात आल्या होत्या. ठकठक सुरू झाली तसा त्यांनी पाय वर घेतला. मुलीने कुदळ उचलली आणि त्यांची नजर पटकन उजवीकडे घसरली.

"अगं बाई, जिवंत आहे की हा!" त्या म्हणाल्या आणि मग डावीकडे वळून भिंत फुटेपर्यंतचा राहिलेला भाग सावकाश वाचू लागल्या.

कात्रीने डमी जवळजवळ हिसकावलीच. भाऊ उजव्या पानावर आला होता, भिंतीच्या अगदी शेजारी. भिंत फुटायच्या आधीच दिसत होता. तिने पानं मागे मागे चाळली आणि पहिल्याच पानावर चोर सापडला. तिथं प्रकाशनाचे मालक कोट घालून हसत होते, आणि खाली 'बालवाचकांना शुभेच्छा'. हे एक पान पुढे घुसलं म्हणून सगळी पानं एकेक घर सरकली होती. मांडणी करणाऱ्याने शेवटचं जाहिरातीचं पान काढून हिशोब जुळवला होता आणि पडद्यावर एकेक पान सुटं बघणाऱ्या कुणाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

"आई, आता नीट लावून देते. परत वाचाल?"

"वाचेन की. पण मला आता ठाऊक आहे ना गं, तो आहे ते."

कात्रीला रडूच आलं. तिची सगळ्यात पक्की वाचक फुकट गेली होती.

तिने चित्रकाराला फोन लावला. "अगं, मालकांच्या तोंडी कोण लागणार?" तो म्हणाला. "त्यांनी चिडून पुस्तकच बाजूला ठेवलं म्हणजे? माझी बोटं मोडली त्या चेहऱ्यापायी."

"म्हणूनच लागणार. तू गप्प बस, मी बघते."

मग मालकांना फोन. शुभेच्छा शेवटच्या पानावर घालू या का, असं तिने गोड आवाजात विचारलं.

"शेवटी? मी काय घरी निघालोय? कात्रीबाई, एका पानाने असा काय डोंगर कोसळणार आहे? उद्या छपाई आहे. तुम्हाला पटत नसेल तर राहू द्या, आपण दुसरं काही काढू."

इथंच घोडं पेंड खात होतं. मालकांनी पुस्तक अजून वाचलंच नव्हतं. मालकांना समजावून सांगायचं तर भाऊ जिवंत आहे हे सांगावं लागणार, आणि एकदा सांगितलं की सांगण्यात अर्थच उरत नाही. सासूबाईंनी ते तिला नुकतंच दाखवलं होतं.

"उद्या सकाळी येते," एवढंच ती म्हणाली. संध्याकाळी तिने नवी डमी टाचली. त्यात मालक नव्हते.

दुसऱ्या दिवशी मालकांच्या खोलीत, पाहुण्यांच्या त्याच खुर्चीत बसून तिने डमी टेबलावर ठेवली. मालकांनी पहिलं पान उघडलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"माझं पान कुठंय?"

"आधी वाचा. मग मला हाकलायचं असेल तर खुशाल हाकला."

"बाई, तुम्ही भलत्याच आहात," असं पुटपुटत त्यांनी चष्मा लावला. आधी पानं भराभर उलटली. मग हळू. फोन वाजला तो त्यांनी न बघताच बंद केला. बोगद्याशी आले तेव्हा टेबलाखाली त्यांचा पाय हलायचा थांबला. त्यांनी पान उलटलं.

"आयला!" मालक म्हणाले.

त्यांचा हात छातीवर गेला होता. काही वेळ ते त्या चेहऱ्याकडे बघत बसले. मग त्यांनी एक पान मागे घेतलं, भिंतीकडे पाहिलं आणि पान पुन्हा झटकन उलटलं.

"आता नाही होत तसं," ते हिरमुसून म्हणाले.

"नाहीच होणार. एका माणसाला ते एकदाच मिळतं."

"आणि माझं पान पुढे असतं तर?"

"तर एकदाही नाही."

मालकांनी डमी मिटली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग फोन उचलून त्यांनी छापखान्याला सांगितलं, "पहिलं पान काढा. हो, माझंच. मागे टाका कुठंतरी. नवी फाईल कात्रीबाई देतील, त्या म्हणतील तशीच छापायची."

कात्रीने डमी घ्यायला हात पुढे केला. मालकांनी डमीवर तळहात ठेवला.

"ही राहू द्या. बायकोला वाचायला देतो आज." मग आवाज उगाच खाली आणून ते म्हणाले, "तुमची नि तिची फोनाफोनी असते. शेवट काय ते तिला बिलकूल सांगायचं नाही."