आईला पाठवलेला फोटो

"भाऊजी, तुम्ही झोपा पेटीत. फोटोपुरतं," वहिनी म्हणाली, तेव्हा मी उठून उभाच राहिलो.

"पावलिना, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"मग काय दाखवू तुमच्या आईला? तो ठोकळा?"

माझा थोरला भाऊ युराय पोलादाच्या कारखान्यात उकळत्या रसात पडला. त्याचं नखसुद्धा हाती लागलं नाही. साहेबांनी त्याच रसाचा एक ठोकळा थंड करून घरी पाठवला आणि म्हणाले, हाच पुरा. मेल्यांना लाज नाही! आम्हा स्लोवाक लोकांत दफनाआधी उघड्या पेटीभोवती घरचे उभे राहतात आणि तो फोटो गावी जातो. चेहरा पाहिल्याशिवाय गावाकडची आई मुलगा गेला असं मानतच नाही. आमच्या आईनं उरलेलं आयुष्य वाट बघत काढू नये, एवढंच वहिनीला हवं होतं. मलाही तेच हवं होतं. दोघं भाऊ दिसायला सारखे, आणि अमेरिकेला येऊन आम्हाला नऊ वर्षं झालेली.

चर्चमागच्या अंगणात चौघांनी ठोकळा पेटीतून बाहेर काढला. युरायचा कोट चढवून मी आडवा झालो. नाकावर माशी बसली.

"प्रेताची पापणी हलतेय!" फोटोग्राफर खेकसला. "अहो, जरा नीट मरा की!"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात वहिनीनं माझ्या कपाळावर हात ठेवला आणि खरोखरच हंबरडा फोडला. पेटी लाथाडून पळत सुटावं असं मला झालं. पण दम कोंडून पडून राहिलो.

त्या दिवसापासून माझं चित्त कुठं लागेना. आडवं झालं की गुदमरायचं, म्हणून खुर्चीत झोपायचो. खोली बदलली, पाळी बदलली, काही फरक नाही. गावाहून उत्तरही येईना.

शरदात आमच्या गावचा मातूश कामाला आला. मला दारात बघून त्याच्या हातातलं बोचकं पडलं. त्यानं छातीवर क्रूसाची खूण केली.

"ओंद्रेय? तू जिता आहेस?"

"मला काय धाड भरलीय! गेला तो युराय. फोटो नाही बघितलास?"

"सगळ्या गावानं बघितला. मास्तरांनी चिठ्ठी वाचली, युराय गेला म्हणून. तुझी आई एकदाच फोटोकडं बघून म्हणाली, 'हा माझा धाकटा. नाव चुकवलंय मेल्यांनी.' तुझ्या नावानं प्रार्थना झाली, क्रूसही उभा राहिला."

पोटच्या पोराचा चेहरा आईपासून लपवायला निघालो होतो आम्ही, शहाणे!

"आणि युराय?" मी विचारलं.

मातूश खाली बघत बोचकं आवळू लागला.

"त्याच्यासाठी मेजवानीचा हंस पोसतेय. म्हणते, धाकटा गेला, आता थोरल्याचं मन तिथं रमायचं नाही. नाताळला येईलच तो."