एका टोकाला इब्राहीम

पाचोडच्या कडूबानं वर्षभरापूर्वी भर मैदानात इब्राहीमच्या थोबाडीत मारली होती. कडूबाच्या बॉलवर आलेला कॅच टप्पा पडून हातात आला, हे इब्राहीमनं पंचाला खरं सांगून टाकलं, एवढाच त्याचा गुन्हा. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. इब्राहीम कपडे शिवायचा, कडूबा शेती बघायचा. संघ मात्र एकच. कप्तान आप्पासाहेब म्हणायचे, "भांडणं घरी ठिवा. मला बॉलर पाहिजेत."

आज शहरात उस्मानपुऱ्याच्या संघाशी फायनल होती. त्यांना पाच ओव्हरींत बावीस धावा हव्या होत्या. दोनच गडी बाद व्हायचे होते, पण त्यातला एक कारभारी होता, आणि तो सत्तर धावांच्या पुढं गेला होता. इब्राहीमच्या हातात बॉल बघून तो हसला.

"काय शिंपीदादा, टाके उसवायला आलात व्हय?"

इब्राहीमनं बॉल पँटीला घासला. सहाच्या सहा बॉल त्यानं ऑफ स्टंपवर, एकाच जागी टाकले. कारभारी पुढं आला, मागं गेला, चरफडला. धाव एकही नाही.

दुसऱ्या टोकानं कडूबा धावत आला. समोर कारभारीचा जोडीदार बन्सी. कडूबानं त्याच्या छातीवर, खांद्यावर बॉल आदळले. बन्सीला बॅटच लागेना.

"आरं, एक तरी काढ ना!" कारभारी आपल्याच माणसावर ओरडला.

ओव्हर संपली. बॉल देताना कडूबा जवळ आला. "शेवटच्या बॉलला कारभारीला एक रन दे. येऊ दे माझ्या तोंडी."

वर्षानंतरचा पहिला शब्द, तोही हुकूम. इब्राहीमचं डोकं भणभणलं. कारभारी आता पिसाळला होता. एक बॉल उंच सोडला की तो उचलून मारणार, कॅच उडणार, आणि विकेट आपलीच. पण बॅटवर नीट बसला तर सहा धावा, मग गावाला काय तोंड दाखवायचं? पाच बॉल त्यानं जखडून टाकले. सहावा मुद्दाम पायांवर दिला. कारभारीनं ढकलला आणि सुटल्यासारखा पळाला.

पुढच्या ओव्हरीचा पहिलाच बॉल कडूबानं त्याच्या बुटांवर घातला. मधला स्टंप मुळासकट उपटला. दोन बॉलांनी शेवटचा गडीही गेला.

पोरांनी कडूबाला खांद्यावर घेतलं. तो खाली उतरला, इब्राहीमपाशी आला, हात पुढं केला आणि हळूच म्हणाला, "तू आवळलास म्हणून गावला तो. मारलं ते चुकलंच माझं."

इब्राहीमनं हात खिशातच ठेवला. "मारलंस सगळ्यांदेखत, अन् माफी कानात सांगतोस व्हय?"

कडूबानं आजूबाजूला पाहिलं. मॅच बघायला आलेला सगळा गाव उभा होता. त्याचे ओठ हलले, पण आवाज काही फुटला नाही. हात मात्र तसाच पुढं राहिला.

"इब्राहीम, जीपीत बस," आप्पासाहेबांनी हाक मारली.

"तुम्ही व्हा पुढं, आप्पासाहेब. मला गुलमंडीच्या बाजारात अस्तर घ्यायचंय. येष्टीनं येईन म्या."

पिशवी उचलून तो चालू लागला. मागं जीप सुरू झाली, पण त्यानं वळून पाहिलं नाही.