काचा वर घ्या

अंगद बोलायला लागला की रिक्षावाले रेडिओचा आवाज वाढवायचे. एवढं त्याचं कौतुक होतं, आणि ते खोटंही नव्हतं. वेरूळच्या मल्हारी मेंढपाळाचा हा पोरगा. शाळेत पोरं त्याला बघून ब्यां ब्यां करायची, अन् आता तोच रोज सकाळी अख्ख्या संभाजीनगरला चहासोबत हसवत होता. 'रेडिओ दणका'चं ऑफिस क्रांती चौकात, तिसऱ्या मजल्यावर. माइकसमोर अंगद आणि त्याच्यासमोर कन्सोलवर विशाखा. गाणं कधी सोडायचं, जाहिरात कधी घ्यायची, माइक कधी बंद करायचा, सगळं तिच्या बोटांवर. त्याचे निम्मे विनोद तीच लिहून द्यायची. तिचा स्वतःचा आवाज मात्र वाढदिवसाच्या शुभेच्छांपुरता लागायचा. संध्याकाळचा शो आपल्याला मिळावा म्हणून पोरगी कधीची आस लावून बसली होती, आणि ऐकाल तर म्हणाल, अशा आवाजाला इतके दिवस कोपऱ्यात कुणी बसवलं?

त्या दिवशी चौदा जानेवारी. घरोघरी 'तिळगूळ घ्या, गोड बोला' चाललेलं. पण या शहरात चौदा जानेवारीचा आणखी एक अर्थ आहे, तो इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं तो हा दिवस. गेटसमोर माणसांचा पूर येतो. लोक गेटपुढं डोकं टेकवतात, पुस्तकं विकत घेतात, घोषणा देतात, आणि गावोगावच्या बाया घरचं धान्य आणून, तिथंच शिजवून, येईल त्याला जेवू घालतात. अंगदला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. पण माइक समोर आला की काही माणसांची जीभ डोक्याच्या पुढं धावते, त्याला काय करायचं!

ट्रॅफिकची खबर देता देता तो म्हणाला, "मिल कॉर्नर ते विद्यापीठ गेट हा रस्ता टाळा मंडळी. तिकडं आज फुकटच्या जेवणाची जत्रा आहे. वर्षभर उपाशी असल्यासारखे टेम्पो भरभरून आलेत. आणि जायचंच असलं तर काचा वर घ्या, नाहीतर वास गाडीत बसेल, मग दिवाळीपर्यंत निघायचा नाही!"

आणि स्वतःच खो खो हसला. विशाखानं खाडकन त्याचा माइक बंद केला आणि गाणं सोडलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"काय झालं गं?" अंगदनं हेडफोन काढत विचारलं.

"तिथं माझी आई आहे, दादा."

त्याचं हसू तिथंच वाळलं. मग तो ते वाक्य बोलला, जे अशा वेळी भली भली माणसं हमखास बोलतात. "अगं, तुझ्या आईबद्दल थोडीच बोललो मी? तुमची गोष्ट वेगळी."

तुमची गोष्ट वेगळी! विशाखाच्या अंगाची लाहीलाही झाली. याच माणसानं तिला हे काम शिकवलं होतं, आजारपणात तिच्या वडिलांना, रामकिसनभाऊंना, स्वतःच्या गाडीतून घाटी दवाखान्यात नेलं होतं. ज्याच्यावर पोरं बकऱ्यासारखी ओरडली, त्याला वासाचा विनोद सुचलाच कसा? तिला रडू आलं नाही. तिला त्याची लाज वाटली, सख्ख्या भावाची वाटावी तशी.

तासाभरात ते बोलणं मोबाइलमोबाइलवर फिरलं. दुपारपर्यंत बिल्डिंगखाली निळे झेंडे, पोलिसांची गाडी, आणि "अंगदला खाली पाठवा!" अशा घोषणा. पोरं शाईच्या बाटल्या घेऊन उभी होती, त्याच्या तोंडाला काळं फासायला. जाहिरातवाल्यांचे फोन सुरू झाले. स्टेशनचे साहेब, अतुल सर, यांच्या तोंडचं पाणी पळालं. ऑफिसातली माणसं मागच्या जिन्यानं एकेक करून सटकली. उरले तिघं: अतुल सर, विशाखा, आणि ज्याला बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती तो अंगद.

अतुल सरांनी विशाखाला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. इतकी सरबराई तिची आधी कधी झाली नव्हती, तेव्हाच तिनं ओळखलं, काहीतरी शिजतंय.

"पाचचा शो आजपासून तुझा," ते म्हणाले. "कायमचा."

आणि एक छापील कागद पुढं सरकवला. त्यात लिहिलं होतं, मी विशाखा खरात, त्याच समाजाची मुलगी, अंगददादा मनानं सोन्यासारखा आहे, मला काहीच वाईट वाटलं नाही, आपण सगळे एक कुटुंब आहोत.

"सर, इतके दिवस मी नुसती विशाखा होते. शुभेच्छांत आडनाव नको म्हणाला होतात तुम्ही."

"आज पाहिजे," अतुल सर म्हणाले. एवढं प्रामाणिक ते त्या दिवशी एकदाच बोलले असतील. "तू म्हणालीस तर लोक ऐकतील. नाही म्हणालीस तर... स्टेशन बंद पडलं तर तुझीही नोकरी गेलीच की."

विशाखा जिन्यात जाऊन बसली. स्वतःचा शो, स्वतःचा आवाज, घराचा चालता गाडा, सगळं एका पारड्यात. आणि दुसरीकडं आई, जिला तोंड दाखवायचं होतं. तिनं आईला फोन लावला.

या आईची, मुक्ताबाईची, कहाणी थोडक्यात सांगतो. विद्यापीठाच्या नामांतरावरून उसळलेल्या दंगलीत त्यांचं गावातलं घर जळालं, तेव्हा ती लहान पोर होती. आईचं बोट धरून शहरात आली तेव्हा पोटात अन्नाचा कण नव्हता. कुठल्याशा गल्लीत एका अनोळखी बाईनं दोघींना हाताला धरून घरात नेलं, पिठलं-भाकरी वाढली, आणि नावगाव काहीच विचारलं नाही. पुढं लग्न होऊन मुक्ताबाई खुलताबादकडच्या एका खेड्यात नांदायला गेली. विद्यापीठाला नाव मिळालं त्या वर्षापासून ती दर चौदा जानेवारीला गेटवर चूल मांडते. वस्तीवरच्या बाया घरटी मापटंभर तांदूळ-डाळ गोळा करतात, टेम्पो ठरवतात, पहाटेच पातेली चढवतात. आता बोला, फुकटं कोण!

फोनवर भोंग्यांचा गोंगाट होता.

"आई, ऐकलंस का तू?"

"ऐकलं की. कोणीबी येतंय न् मोबाइल कानाला लावतंय," मुक्ताबाई म्हणाली. "ती भागूबाई मला म्हणते, तुझी लेक त्याच रेडिओत हाय ना गं? म्हणलं, हाय."

"मग?"

"मग काय? म्हणलं, तिथंच हाय ते बरंच हाय. कुणीतरी आपलं पाहिजेच की तिथं. बरं ठेव आता, पंगत बसलीये."

फोन बंद झाला. आईनं काही सांगितलं नव्हतं, काही मागितलं नव्हतं. नुसता भरवसा टाकला होता, आणि तो किती जड असतो ते ज्याच्यावर पडतो त्यालाच कळतं. विशाखा उठली, तोंड धुतलं आणि स्टुडिओत गेली.

कन्सोलवर दुसरं कुणी नव्हतं, म्हणून अतुल सरांनी अंगदलाच बसवलं होतं. "तू फक्त बटणं दाब, तोंड उघडू नको," असं बजावून ते काचेपलीकडं उभे राहिले. रोजच्या जागा उलट झाल्या होत्या. माइकसमोर विशाखा, बटणांवर अंगद. पाच वाजले, लाल दिवा लागला.

"नमस्कार. मी विशाखा. विशाखा मुक्ताबाई रामकिसन खरात," ती म्हणाली. "मला एक कागद दिलाय. त्यात लिहिलंय, सकाळच्या बोलण्याचं मला वाईट वाटलं नाही. ते खोटं आहे. मला लई वाईट वाटलं."

अतुल सरांनी काचेवर टकटक केली. ती थांबली नाही.

"माझी आई आत्ता गेटवर आहे. ती वाढायला गेलीये. आणि समजा, जेवायला गेली असती तरी काय झालं असतं? भूक लागली की माणूस जेवतो. त्यात हसण्यासारखं काय आहे? वास म्हणाल, तर आमच्या पातेल्यातल्या मसालेभाताचा येतो. ज्यांनी काचा वर घेतल्या, त्यांचा तेवढा चुकला."

काचेपलीकडं अतुल सर अंगदला हातवारे करत होते: बंद कर, माइक बंद कर! अंगदचं बोट बटणावर होतं. विशाखाला ते दिसत होतं. त्यानं साहेबांकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

"आता अंगददादाला माफ करायचं की नाही, हे मला विचारू नका," ती म्हणाली. "सगळ्यांच्या वतीनं माफी द्यायला मला कुणी मुखत्यार नेमलेलं नाही. ज्यांना बोलला त्यांना विचारा. ते गेटवर आहेत. रस्ता मिल कॉर्नरवरून जातो."

मग तिनं स्वतःच खूण केली आणि अंगदनं गाणं सोडलं. शाबास गं पोरी! खाली शेकडो मोबाइलवर हेच चाललेलं, घोषणा कधीच थांबल्या होत्या.

"आवर तुझं सामान," अतुल सर दारातून म्हणाले. कायमचा शो तेवढ्यावर संपला. विशाखानं डबा पिशवीत टाकला. अंगदनं त्या पिशवीकडं पाहिलं, हेडफोन काढून ठेवला. मग म्हणाला, "विशू, मला मावशीकडं ने, तुझ्या आईकडं."

पोलिसांनी मागच्या दारानं जा म्हणून सांगितलं. विशाखा पुढच्याच दारानं उतरली, अंगद मागं. गर्दी हलली. एका पोरानं बाटलीचं झाकण उघडलं, आणि विशाखा त्याच्या आडवी उभी राहिली.

"ठेव ती शाई, भाऊ. आज याला काळं फासलं की उद्या सगळ्या पेपरात याचाच फोटो, याचंच दुःख. आपल्या आया कुणाला दिसणार नाहीत. याला मी तिथंच नेतेय."

पोरगा घुटमळला. मग त्यानं झाकण लावलं, बाकीच्यांना म्हणाला, "जाऊ द्या रे, ताईला जाऊ द्या." जय भीमच्या गजरात रस्ता झाला आणि विशाखाच्या स्कूटीवर मागं बसून अंगद निघाला. मिल कॉर्नरच्या पुढं गाडी चालवायची सोय नव्हती, ढकलतच न्यावी लागली. ज्या रस्त्यावर काचा वर घ्या म्हणाला होता, त्याच रस्त्यानं तो पायी चालला, आणि त्याला ओळखलेल्या लोकांच्या नजरा काही मऊ नव्हत्या.

मुक्ताबाई पांढऱ्या साडीचा पदर खोचून वाढत होती. लेकीकडं आणि तिच्या खांद्यावरच्या डब्याच्या पिशवीकडं तिनं एकदा पाहिलं, तिच्या गालावरून हात फिरवला. "ऐकलं मी," एवढंच म्हणाली. मग मागं उभ्या असलेल्या माणसाकडं वळली.

"सकाळी बोलला तो तूच व्हय?"

"व्हय, मावशी."

"कुणाला बोलला?"

अंगदनं मान वर केली. रेडिओवरची सगळी ऐट, सगळं शहरी बोलणं गळून पडलं होतं. "तुमाला बोललो. तुमा सगळ्यांला. लई चुकलं माझं. माफ करा." आणि पाया पडायला वाकला.

मुक्ताबाई दोन पावलं मागं सरकली. हातातली पळी आडवी धरली.

"असं नाय चालायचं, बाबा. बोलला तवा साऱ्या शहराला ऐकू गेलं. अन् माफी माझ्या एकटीच्या कानात मागतो?"

आजूबाजूच्या बायांचे हात थांबले.

"उद्या सकाळी त्याच टायमाला, त्याच रेडिओत सांग. जे मला म्हणला तेच म्हण, अन् पुढं आणखी एक म्हण. ही पोरगी आज जे बोलली ते खरं बोलली, अन् हिला काढलं असंल तर मी बी इथं बसणार नाय. म्हणशील?"

"म्हणतो, मावशी."

"बघू. आम्ही साऱ्याजणी ऐकणार हाव."

अंगद मान खाली घालून वळला. तो चार पावलंही गेला नसेल, तोच मागून मुक्ताबाईचा आवाज आला, लेकीसारखाच खणखणीत.

"कुठं निघाला? पंगतीत बस. इथून कुणी उपाशी जात नसतं. जेवणाचा न् माफीचा काय संबंध? माफीचं उद्या बघू."

तो बसला. भागूबाईनं पत्रावळ टाकली, मुक्ताबाईनं भात वाढला, इतरांना वाढला तेवढाच.