नऊ पत्रांखालची सही

माझ्याकडे मोठमोठ्या लेखकांची एकशे चार पत्रं आहेत, सगळी सहीची. त्यातली नऊ एकट्या माझ्या लाडक्या कादंबरीकारांची. पंधरा वर्षं चिकटपणे लिहीत राहिलो, तेव्हा कुठे हाती लागली. बायको म्हणते, "मला मात्र कधी दोन ओळी लिहिल्या नाहीत." तिचं काय घेऊन बसलात.

गेल्या महिन्यात संग्राहकांच्या बैठकीत सगळ्यांच्या सह्या तपासत फिरणाऱ्या आमच्या भिंगवाल्याने ती नऊ पत्रं उलटसुलट पाहिली आणि चारचौघांत म्हणाला, "सह्या खोट्या आहेत." त्याच्याकडे कादंबरीकारांचं तरुणपणचं एक पत्र आहे. त्यात सहीखाली सरळ रेघ, माझ्या नऊंमध्ये वळणदार. लोक हसले. माझं डोकंच फिरलं.

कादंबरीकार जाऊन दोन वर्षं झालेली. मी पत्रं उचलली आणि तडक त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नीने दार उघडलं, चष्मा लावला आणि नऊच्या नऊ पत्रं सावकाश वाचली.

"खोटी नाहीत," त्या म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. "माझी आहेत. यांचा हात थरथरायला लागल्यापासून सह्या मीच करायचे. उत्तरंही मीच लिहायचे. यांना पत्रांचा भारी कंटाळा."

घ्या! पंधरा वर्षं मी कुणाशी बोलत होतो? 'तुमच्या प्रश्नाने दोन रात्री झोप लागली नाही' हे पत्र मी चौकटीत घालून दिवाणखान्यात लावलं होतं. आल्यागेल्याला दाखवत होतो.

"ते झोपेचंही तुमचंच?"

"माझंच. नव्हतीच लागली."

मला रडावं की ओरडावं ते कळेना. निदान भिंगवाल्याच्या तोंडावर काहीतरी फेकायला हवं होतं. "हे सगळं लिहून द्या," मी तुसडेपणाने म्हणालो, "आणि खाली तुमची सही करा."

त्यांनी मुकाट्याने चार ओळी लिहिल्या. खाली झटकन सही केली.

नवऱ्याची. वळणदार रेघेसकट.

माझ्याआधी त्यांच्याच ते लक्षात आलं. त्यांनी सही खोडली, पेन पुन्हा टेकवलं आणि स्वतःच्या नावाच्या पहिल्याच अक्षरावर थांबल्या.

"सवय मोडलीय," त्या म्हणाल्या. "जरा वेळ लागेल. बसता का?"

मी बसलो.