सर्व्हर पाडण्याचा दिवस

वाचनालयात त्यांना सगळे वहिनी म्हणत. त्यांचा सख्खा दीर तिथेच पुस्तकं परत घ्यायच्या खिडकीवर बसायचा. वहिनी नोकरीवर रुजू झाल्या त्या दिवशी त्याने भर दालनात "वहिनी, डबा विसरलात!" अशी आरोळी ठोकली आणि तेव्हापासून त्या सगळ्यांच्याच वहिनी झाल्या. मुख्य ग्रंथपाल मोठ्या बाईसुद्धा, ज्या स्वतःच्या सावलीलाही 'अहो' म्हणतील, त्यांना वहिनीच म्हणायच्या. ओघानेच दीर सगळ्यांचा भाऊजी झाला.

वहिनींचं काम तळघरात. तिथे वाचनालयाचा सर्व्हर होता. वर आठ खिडक्यांवर परत आलेल्या पुस्तकांचे बारकोड वाचले जायचे आणि प्रत्येक पुस्तकाची नोंद एखाद्या चिठ्ठीसारखी खाली सर्व्हरच्या यादीत जाऊन पडायची. सर्व्हर एकेक चिठ्ठी उचलून निकालात काढायचा. जुन्या सर्व्हरला एकच प्रोसेसर होता. बिचाऱ्याने एकट्याने वर्षानुवर्षं हा गाडा ओढला आणि शेवटी थकला. मग नवा आला. आठ प्रोसेसरचा.

चौथ्या दिवशी नव्या सर्व्हरने मान टाकली.

पुन्हा चालू केला, तर तीन दिवसांनी पुन्हा तेच. वर रांगेतले वाचक पुस्तकं छातीशी धरून ताटकळायचे. सर्व्हर पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर यायचा. तो इतक्यांदा आला, आणि दर वेळी त्याच्यासाठी खुर्ची पुसून चहा ठेवावा लागला, की भाऊजीने त्याचं नाव 'जावई' ठेवलं. जावयाने आधी मेमरी बदलली. मग मुख्य बोर्ड बदललं. मग दोन प्रोसेसर काढून नवे बसवले. निघताना दर वेळी म्हणायचा, "आता बघा, घोड्यासारखा धावेल!"

"घोडा दोन दिवसांत बसतो हो," वहिनी म्हणायच्या.

"मॅडम, दर वेळी वेगळाच प्रोसेसर पडतोय. एकदा तिसरा, एकदा सातवा, परवा तर पहिलाच. अख्खं मशीनच सदोष आलेलं दिसतंय. बदलून घ्या."

वहिनींना ते पटत नव्हतं. त्यांनी एक साधा प्रयोग केला. सात प्रोसेसर बंद ठेवून एकच चालू ठेवला. सर्व्हर पडला नाही, पण काम इतकं मंदावलं की रांग फाटकापर्यंत गेली. मग तो बंद करून दुसरा चालू केला, मग तिसरा. असे आठही एकेकटे तपासले. एकही पडला नाही. कुठलेही दोन एकत्र चालू केले, की आज ना उद्या धाडकन खाली.

"म्हणजे एकेकटे सगळे गुणी, एकत्र नांदायला लागले की भांडण," भाऊजी म्हणाला. "हे तर घरोघरचंच झालं."

वहिनी हसल्या, पण ते वाक्य त्यांच्या डोक्यात बसलं. सर्व्हर पडताना आपल्या पोटातलं सगळं डिस्कवर लिहून ठेवतो. त्याला त्या पंचनामा म्हणायच्या. आतापर्यंत असे अकरा पंचनामे जमले होते. एका सकाळी त्यांनी ते सगळे छापून तळघरातल्या लांब टेबलावर ओळीने मांडले. जावयाने प्रत्येकात मेलेला प्रोसेसर पाहिला होता. वहिनींनी ठरवलं, मेलेल्याकडे बघायचंच नाही. त्या घटकेला बाकीचे सात काय करत होते, ते बघायचं.

पहिल्यात पाचवा प्रोसेसर चिठ्ठ्यांच्या यादीत हात घालून होता. दुसऱ्यात चौथा, त्याच यादीत. तिसऱ्यात पुन्हा तेच. अकराव्या कागदापर्यंत वहिनी पेन्सिलीने त्याच यादीभोवती गोल करत गेल्या. मरणारा दर वेळी वेगळा आणि शेजारी उभा असलेलाही वेगळा, पण यादी तीच! त्या एकट्याच तळघरात मोठ्याने "सापडलास!" म्हणाल्या आणि मग इकडेतिकडे बघून पदर सावरला.

आनंद दहा मिनिटं टिकला. ती यादी सांभाळणारा प्रोग्रॅम काकांनी लिहिला होता.

काका म्हणजे वहिनींच्या आधी तळघर सांभाळणारे. अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. वहिनींना हे काम बोट धरून त्यांनीच शिकवलं. वाचनालयाची खास स्कॅनर यंत्रं सर्व्हरशी बोलावीत म्हणून बावीस वर्षांपूर्वी त्यांनी हा छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. तो थेट सर्व्हरच्या गाभ्यात बसायचा, म्हणून त्याचा पाय घसरला की अख्खा सर्व्हरच कोसळायचा. बावीस वर्षांत त्यात कुणाला कानामात्रा बदलावी लागली नव्हती. काकांना त्याचा केवढा अभिमान! वहिनींनी प्रोग्रॅम उघडला. यादीत हात घालायच्या ओळीच्या वर काकांनी टीप लिहिली होती: 'काम संपेपर्यंत बाहेरची हाक बंद. आता इथे दुसरं कोणी येणं शक्य नाही.'

दोन दिवस वहिनींनी चालढकल केली. तिसऱ्या दिवशी अकराही पंचनामे आणि प्रोग्रॅमची छापील प्रत पिशवीत घालून काकांच्या घरी गेल्या.

दार काकूंनी उघडलं. "ये गं बाई, ये. ह्यांच्याशी कुणीतरी बोला. रोज वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनाने काढतात आणि संपादकाला पाठवतात. परवा संपादकाने उलट पत्र लिहिलं, की आता पुरे."

काका खरंच लाल पेन घेऊन बसले होते. वहिनी आधी हवापाण्याचं बोलल्या, मग गुडघेदुखीचं, मग पुन्हा हवापाण्याचं. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "पिशवीत काय आहे?"

वहिनींनी कागद पुढे केले. काका वाचत राहिले. एकदा मागे गेले, पुन्हा पुढे आले. स्वयंपाकघरातून काकूंच्या भांड्यांचा आवाज तेवढा येत होता. मग काकांनी कपाळावर हात मारला.

"बावीस वर्षं!" काका म्हणाले आणि चक्क हसायला लागले. "अगं, बावीस वर्षं हा लबाड माझ्या घरात राहिला आणि मला पत्ता नाही! ऐकलंत का, बाहेर या! चोर सापडला!"

काकू ओल्या हातांनीच बाहेर आल्या. "चोर? कुठला चोर?"

"असं बघा. मी घरात एकटाच आहे आणि मला निवांत काम करायचंय. मी काय करीन? दाराची बेल बंद करीन. बाहेरचं कुणी हाक मारू शकत नाही, मी निवांत. माझ्या प्रोग्रॅमने इतकंच केलं, बेल बंद केली. पण आता घरात आठ माणसं आहेत! बेल बंद करून उपयोग काय? दुसरा आतच उभा आहे. मी चिठ्ठी उचलायला हात घातला, त्यानेही तीच उचलली. ओढाओढीत यादी फाटली."

"मग खोलीला आतून कडी लावायची," काकू म्हणाल्या. "एवढंच ना?"

काका आणि वहिनी एकमेकांकडे बघायला लागले. "एवढंच," वहिनी म्हणाल्या.

"मग त्यात हसण्यासारखं काय आहे?" म्हणत काकू आत गेल्या.

वहिनींना राहवलं नाही. "काका, तुमची चूक नव्हती ती. तेव्हा दुसरा प्रोसेसर नव्हताच ना."

"नाही गं." काका क्षणभर गंभीर झाले. "मी 'शक्य नाही' लिहिलं. 'सध्या शक्य नाही' लिहायला हवं होतं." मग लाल पेनाने त्यांनी छापील टिपेत तेवढा शब्द घातला आणि त्यांचा चेहरा पुन्हा खुलला. "कडी लावू. पण आधी तो माझ्या डोळ्यांदेखत पडला पाहिजे. रोग न बघता तो बरा झाला, असं मी म्हणणार नाही."

यातच खरी मेख होती. दोन प्रोसेसरनी एकाच क्षणी एकच चिठ्ठी उचलणं म्हणजे दुर्मीळ योग. रोज शेकडो पुस्तकं परत येऊनही तो आठवड्यातून एकदोनदाच जुळायचा. मग वाट बघायची ती किती? वहिनींनी मोठ्या बाईंचं दार ठोठावलं आणि सुटीच्या दिवशी सगळ्या कर्मचाऱ्यांना बोलवायची परवानगी मागितली.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे तीन महिने सर्व्हर पडू नये म्हणून आपण जिवाचं रान केलं. आणि आता तुम्ही तो पाडायची परवानगी मागताय?"

"हो, बाई. सगळ्या नोंदींची प्रत मी आधीच वेगळी काढून ठेवीन. एकाही वाचकाच्या नोंदीला धक्का लागणार नाही."

बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. "एका अटीवर. एक खिडकी माझी."

सुटीच्या दिवशी सकाळी वाचनालयात जत्रेसारखी गर्दी झाली. बांधणी विभागातले आले, सफाईच्या मावशी आल्या, माळी आला, पहारेकरी तर घरच्यांना घेऊन आला. जावईही आला. "मी फक्त बघायला आलोय," तो म्हणाला, पण भाऊजीने त्याच्या हातात पुस्तकं कोंबून त्याला सहाव्या खिडकीवर बसवलं. प्रत्येक खिडकीत पुस्तकांची चळत. तीच तीच पुस्तकं पुन्हा पुन्हा परत करायची होती. काका इस्त्रीचा शर्ट घालून दालनाच्या मधोमध उंच स्टुलावर बसले आणि आकडे मोजायला लागले.

"एक, दोन, तीन... टाका!"

आठ स्कॅनर एकदम किंचाळले. सर्व्हर ठणठणीत.

"एक, दोन, तीन... टाका!"

अर्धा तास झाला. माळ्याच्या हातातलं बागकामाचं पुस्तक दीडशे वेळा परत आलं होतं. सर्व्हर आपला राजासारखा उभा.

"बघा कसा आहे," भाऊजी म्हणाला. "रांग असते तेव्हा लोळण घेतो, आणि आज हातापाया पडतोय तर ऐटीत!"

"तुम्ही सगळे मागेपुढे होताय," काका ओरडले. "एका तालात हवं!"

तेव्हा मोठ्या बाईंनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या, बाह्या मागे सारल्या आणि टाचेने फरशीवर ताल धरला. ठक, ठक, ठक, टाका! हळूहळू सगळ्यांचे पाय त्याच तालात पडायला लागले. मावशी हसून हसून बेजार. बाईंच्या कपाळावर घाम, पण ताल तसूभरही चुकत नव्हता. अकरा वाजून गेले असतील नसतील, आणि आठही पडदे एकदम गोठले.

सगळे काकांकडे बघायला लागले.

"पडला?" बाईंनी हळूच विचारलं.

"पडला!" काका स्टुलावरून उतरून ओरडले, आणि एकच जल्लोष झाला. माळ्याने पहारेकऱ्याला मिठी मारली. जावई, ज्याच्या कंपनीचं यंत्र नुकतंच सगळ्यांसमोर आडवं झालं होतं, तो सगळ्यात मोठ्याने टाळ्या वाजवत होता. बाहेरून कुणी पाहिलं असतं, तर या लोकांना वेड लागलंय असंच म्हणालं असतं.

वहिनी दोन दोन पायऱ्या उतरत तळघरात गेल्या. ताजा पंचनामा उघडला. दुसरा आणि पाचवा प्रोसेसर, एकच यादी, एकच चिठ्ठी. बागकामाच्या पुस्तकाची. मागोमाग धापा टाकत काका आले. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ ते तिथून हलवलंच नाही.

जेवायच्या सुटीआधी तो आणखी दोनदा पाडला, खात्री म्हणून. मग वहिनींनी खुर्ची काकांपुढे सरकवली.

"तू बस," काका म्हणाले. "आता तळघर तुझं आहे."

वहिनींनी कडी लावली. जेमतेम सहा ओळी. आत शिरताना लावायची, काम संपलं की काढायची, दुसऱ्याने तोवर दाराशी थांबायचं. काकांनी फक्त एक गोष्ट मागितली, टीप. स्वतःची जुनी ओळ त्यांनी खोडली आणि एका बोटाने सावकाश लिहिलं: 'इथे कोणीही, कधीही येऊ शकतं. कडी लावूनच आत जावे.'

जेवणं झाल्यावर सगळे पुन्हा खिडक्यांवर बसले. ठक, ठक, ठक, टाका! एक तास झाला. दुसरा झाला. नऊ हजारांवर नोंदी झाल्या. सर्व्हर पडेना. आणखी पंधरा मिनिटं ताल धरला, तरी नाही. भाऊजीचं तोंड उतरलं. "वहिनी, मजाच घालवलीत हो."

"अजून दहा मिनिटं," मोठ्या बाई हट्टाने म्हणाल्या. दहाची वीस झाली. शेवटी त्यांनीच ताल थांबवला, चपला शोधल्या, त्या पायात घातल्या, आणि वहिनींना सगळ्यांदेखत म्हणाल्या, "शाबास गं." बाईंच्या तोंडून 'गं' आजवर कुणी ऐकलं नव्हतं. काका खुर्चीत मागे रेलून डोळे मिटून बसले होते. झोप लागली असावी, कारण जावयाने त्यांच्याशी हात मिळवायला हात पुढे केला तो तसाच मागे घेतला.

माणसं पांगल्यावर वहिनी शेवटचं एकदा खाली आल्या. पडद्यावर आठ प्रोसेसरच्या आठ पट्ट्या, दिवसभराच्या उरल्यासुरल्या नोंदी निकालात काढत, वरखाली होत होत्या. कुणी पुढे, कुणी मागे, कुणी क्षणभर थांबून दुसऱ्याला वाट देणारं. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, तरी त्या स्टूल ओढून बसल्या. इतक्यात घरून नवऱ्याचा फोन आला.

"झालं का काम?"

"झालं. केव्हाच."

"मग अजून तिथे काय करतेस?"

"काही नाही," वहिनी म्हणाल्या. "बघत बसलेय."