हातगुण

"तुज्या हाताला गुन हाय, बाय," असं दमयंतीमावशी म्हणाल्या की मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटतं.

मी ऐरोलीच्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. मावशी तळवलीच्या, दारोदार मासे विकणाऱ्या. बाजाराच्या ओल्या लादीवर घसरल्या आणि उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण खांदा आखडला. हात वर गेला नाही तर पाटी डोक्यावर चढणार नाही, आणि पाटी गेली की सोसायट्यांमधली इतक्या वर्षांची गिऱ्हाइकं गेली.

तरी माझी सगळ्यात खूश पेशंट कोण, तर ह्याच! मी हात धरून वर नेला की डोळ्यांत पाणी आणि तोंडात आशीर्वाद. त्यांच्या शब्दावर निम्मी तळवली आमच्याकडे आली, त्यामुळे आमचे सरही खूश. घरी मात्र भिंतीवर बोटं चढवत न्यायचा साधा व्यायाम करायचं नाव नाही. करतील कशाला? गुण माझ्या हातात ना!

मी समजावलं, रागावले, मोबाइलवर व्हिडिओ पाठवले.

"बघते ना मी रोज," मावशी म्हणाल्या.

बघून खांदे सुटले असते तर मला नोकरी कोणी दिली असती?

शेवटी परवा मी हात मागे घेतले. "आज मी हात लावणार नाही. ही भिंत, तुम्हीच करा."

त्यांची बोटं छातीपर्यंत चढली आणि थांबली. त्या वळून माझ्याकडे बघत राहिल्या. माझा संयम सुटला. "खांदा घट्ट होत चाललाय, मावशी. माझ्या हाताला काही गुण-बिण नाही. असता तर तुमचा हात असा राहिला असता का?"

मावशी घाबरल्या, पण खांद्यासाठी नाही, माझ्यासाठी. "आसा बोलू नको, बाय. कोनाची तरी नजर लागली तुज्या हाताला."

आज त्या मीठ-मिरच्या घेऊन आल्या. दाराबाहेर त्यांची सून भाग्यश्री उभी होती, डोक्यावर मावशींची पाटी.

"आता हीच फिरंल," मावशी म्हणाल्या. "माजा नशीब. तुजा काय दोस नाय."

मला रडू आलं. त्यांनी सांगितलं तसे मी दोन्ही हात पुढे केले. मावशींनी मूठ वळली. उजवा हात वर जाईना, म्हणून त्यांनी डाव्या हातानेच माझी दृष्ट काढली.