कॅप्टनचा बोकड

समजा, तुझ्याएवढीच एक नऊ वर्षांची मुलगी सिनेगॉगमधल्या शनिवारच्या वर्गाची कॅप्टन आहे. सिनेगॉग म्हणजे ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर. डोळे मिटून कल्पना कर. नाही, नको, मिटलेस तर वाचणार कशी? उघडेच ठेव.

तर तिथे एक मजेदार पद्धत आहे. मुलगा तेरा वर्षांचा झाला की तो सगळ्यांसमोर तोरा, म्हणजे त्यांचा पवित्र ग्रंथ, वाचतो. वाचून झालं की लोक त्याच्यावर गोळ्या फेकतात. मऊ, जेलीच्या, कौतुक म्हणून. कडक का नाही, ते पुढे कळेलच.

शुक्रवारी दुपारी कॅप्टनकडे काम आलं, जेलीच्या गोळ्या छोट्या कागदी पिशव्यांत भरायचं. कॅप्टन जबाबदार मुलगी. गोळ्या खरंच मऊ आहेत ना, हे बघायला तिनं एक खाल्ली. लाल मऊ निघाली, पण म्हणून हिरवीचा भरवसा धरता येतो का? तिनं हिरवीही तपासली. तपासणी इतकी कसून झाली की डब्यात नुसती साखर उरली.

मग तिला आजीच्या कपाटातला खोकल्याच्या गोळ्यांचा मोठा डबा आठवला. गोल, तपकिरी, टणक गोळ्या. पिशव्या भरल्या, तोंडं बांधली, काम फत्ते.

शनिवारी पिशव्या वाटल्या तिच्या धाकट्या भावानं. त्याला सगळे बटण म्हणत. गोळ्या फेकायची त्याची ही पहिलीच वेळ. गेले काही दिवस तो घरात मोज्यांचे बोळे उशीवर मारून सराव करत होता.

वाचन संपलं आणि चारी बाजूंनी मारा सुरू झाला. वाचणारा मुलगा हुशार, तो टेबलाखाली गेला. शेजारी उभे असलेले रब्बी, म्हणजे तिथले धर्मगुरू, तेवढे चपळ नव्हते. टक्, टक्, टकाटक. शेवटी त्यांनी प्रार्थनेची शाल डोक्यावरून ओढून घेतली आणि आतूनच म्हणाले, "पुरे. त्यानं इतकंही छान वाचलेलं नाही." सिनेगॉगभर औषधाचा वास सुटला.

नंतर वर्ग भरला तेव्हा रब्बींच्या कपाळावर चांगलं टेंगूळ आलं होतं.

"पिशव्या कुणी वाटल्या?"

सगळ्या माना बटणाकडे वळल्या.

"मी फक्त वाटल्या," बटण म्हणाला.

"मग यापुढे तू पिशवीला हात लावायचा नाहीस. फेकायचंही नाही."

बटणाचा खालचा ओठ लोंबायला लागला. कॅप्टन मूग गिळून बसली. जेली कालच गिळून झाली होती.

दर शनिवारी तोराचा एक ठरलेला भाग असतो. रब्बींनी तो उघडला. "कोण चुकलं तर त्यानं काय करायचं, ते यात सांगितलंय. पुजारी चुकला तर. सगळा समाज चुकला तर. साधा माणूस चुकला तर. पण नेत्याचं आलं की 'चुकला तर' नाही, 'चुकेल तेव्हा'. का बरं?"

"कारण तो चुकणारच," मागून कुणीतरी म्हणालं.

"शाब्बास. हातात अधिकार आला की डोक्यात हवा जाते. म्हणून जुन्या जाणत्यांनी सांगितलं, ज्यांचा नेता स्वतःची चूक कबूल करतो, ते लोक भाग्यवान. त्या काळी नेत्याला त्यासाठी बोकड आणून अर्पण करावा लागे. सगळ्यांच्या देखत."

कॅप्टननं हात वर केला. "नेता म्हणजे राजाच ना?"

"वर्गाची कॅप्टनसुद्धा चालेल."

"आणि चूक नकळत झाली असेल तर?"

"हे सगळं नकळत झालेल्या चुकांबद्दलच आहे."

"म्हणजे समजा, पहिली जेली नकळत तोंडात गेली."

"आणि दुसरी?"

कॅप्टननं छताकडे बघितलं. "बोकड कुठे मिळतो?"

"हल्ली बोकड लागत नाही. उभं राहून खरं सांगितलं की झालं."

"त्यापेक्षा बोकड परवडला," ती पुटपुटली.

पण तेवढ्यात तिची नजर बटणाकडे गेली. तो बाहीनं नाक पुसत होता. ती उभी राहिली आणि लाल जेलीपासून आजीच्या डब्यापर्यंत सगळं सांगून मोकळी झाली.

रब्बींनी टेंगूळ चोळलं. "म्हणजे मीही चुकलो. धड चौकशी न करता शिक्षा देऊन बसलो. आज दोन बोकड लागले असते. बटण, मला माफ करशील का रे?"

"केलं. मग मी फेकू ना?"

"फेक. फक्त नेम धरून."

"आणि मला माफ करशील?" कॅप्टननं हळूच विचारलं.

बटणानं विचार केला. "ताई, मघाशी बाहेर एका काकांनी माझा कान पिळला. मोठ्यांना पण सांग. मग बघू."

बाहेर मोठी माणसं चहा पीत एकमेकांना आपापली टेंगळं दाखवत होती. कॅप्टननं एक खुर्ची ओढली आणि वर चढली. खुर्ची डगमगायला लागली, तशी बटणानं ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. कॅप्टननं घसा साफ केला.

"ज्यांना ज्यांना लागलंय त्यांनी हात वर करा," ती म्हणाली. "मला एकेकाची माफी मागायची आहे."